बार्सिलोनाचे नाताळ बाजार: कधी जावं, काय घ्यावं, कुठे चुकतं

बार्सिलोनाचा मुख्य नाताळ बाजार २३ डिसेंबरला संपतो. नाताळ बघायचा म्हणून नेमकं २४ तारखेला विमानातून उतरणारे कॅथेड्रलसमोर येतात, तेव्हा तिथे मोडलेल्या टपऱ्या आणि ट्रकमध्ये चढणाऱ्या फळ्या दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महागडी चूक. म्हणून तिकीट काढण्याआधी तारखांचा भाग नीट वाचा.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करून निघा. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या नाताळ बाजारांची चित्रं डोक्यात असतील, गरम मसाल्याची वाइन, सॉसेजचा धूर, लाकडी घरकुलांत खाणंपिणं, तर ते इथे शोधू नका. बार्सिलोनाचा जुना बाजार खाण्याचा नाही, घरात नाताळचा देखावा मांडायला लागणाऱ्या सामानाचा आहे. दिवाळीत किल्ल्यासाठी मावळे, तोफा, बुरुजावरचा शिवाजी आणायला आपण मुलांना घेऊन कुंभारांच्या स्टॉलवर जातो ना, तसं इथली माणसं ‘पेसेब्रे’साठी येतात. पेसेब्रे म्हणजे येशूजन्माचा देखावा: डोंगर, नदी, गोठा, मेंढपाळ, कपडे धुणारी बाई, बाळ येशूसाठी भेटी घेऊन आलेले उंटांवरचे तीन राजे. स्पॅनिशमध्ये यालाच ‘बेलेन’ म्हणतात. हे माहीत असेल तर बाजार समजतो, नाहीतर अर्ध्या तासात ‘एवढंच?’ म्हणून माणूस बाहेर पडतो.

आधी तारखा

कॅथेड्रलसमोरची ‘फिरा दे सांता ल्यूसिआ’ नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारच्या आसपास उघडते आणि २३ डिसेंबरला बंद होते. सग्रादा फमिलिया या प्रसिद्ध चर्चजवळच्या बाजाराचं वेळापत्रकही साधारण हेच. ग्रान व्हिआ रस्त्यावरचा तीन राजांचा बाजार, ‘फिरा दे रेइस’, मात्र साधारण २० डिसेंबरला सुरू होतो आणि ५ जानेवारीच्या रात्री उशिरापर्यंत चालतो. म्हणजे तिन्ही बघायचे असतील तर २० ते २३ डिसेंबर एवढीच खिडकी आहे. त्या दिवसांत गर्दी आणि हॉटेलचे भाव दोन्ही चढलेले असतात. दोन बाजारांवर समाधान असेल तर डिसेंबरचा दुसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार, सर्वांत उत्तम.

६ आणि ८ डिसेंबर या स्पेनमधल्या सार्वजनिक सुट्ट्या. मधला दिवस जोडून लोक लांबची सुट्टी करतात आणि अख्खं शहर रस्त्यावर उतरतं. त्या दिवशी बाजारात शिरलात तर मूर्तीऐवजी पुढच्याची पाठच दिसते. १३ डिसेंबर हा संत ल्यूसियाचा दिवस. ती दृष्टीची रक्षणकर्ती मानली जाते, शिवणकाम करणाऱ्या बायकांचीही. कॅथेड्रलला लागून असलेल्या तिच्या तेराव्या शतकातल्या छोट्या चॅपलमध्ये त्या दिवशी दर्शनाला रांग लागते. बाजाराला तिचंच नाव आहे आणि त्याची पहिली नोंद १७८६ची. गर्दी सोसायची तयारी असेल तर हा दिवस जरूर निवडा.

व्हिसाचं थोडक्यात: स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. डिसेंबरसाठी सप्टेंबरातच अपॉइंटमेंट बघा, दिवाळीनंतर धावपळ होते.

दिवसातली वेळ

डिसेंबरच्या मध्यावर बार्सिलोनात सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. रस्त्यावरची रोषणाई अंधार पडताच लागते. बहुतेक पर्यटक रोषणाई बघायला सहा-सातला येतात आणि तेव्हाच बाजारात चेंगराचेंगरी होते. त्यामुळे काम आणि हौस वेगळी करा. खरेदी सकाळी अकरा-साडेअकराला किंवा दुपारी तीन-चारला. उजेडात मूर्तीचा रंग खरा दिसतो, दुकानदाराला बोलायला वेळ असतो. संध्याकाळी नुसते फिरायला या. दुपारी साडेतीनला पोचलात तर दोन्ही साधतं: तासभर खरेदी, मग दिवे लागताना बाहेर.

थंडी फार नसते. दिवसा १४-१५ अंश, रात्री सात-आठच्या आसपास. पण समुद्राकडून दमट वारा येतो आणि जुन्या गल्ल्यांत ऊन पोचत नाही, म्हणून पुण्याच्या जानेवारीचा स्वेटर पुरेल असं समजू नका. वारा अडवणारं जाकीट, मफलर आणि दगडी फरशीवर दोन-तीन तास उभं राहता येईल असे बूट घ्या.

पोचायचं कसं

सांता ल्यूसिआसाठी मेट्रोची पिवळी लाइन ४, स्टेशन जौमे प्रिमेर. वर आल्यावर व्हिआ लायेताना या मोठ्या रस्त्याने डोंगराच्या दिशेला, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, तीन-चार मिनिटं चाला. डावीकडे मोकळा चौक आणि कॅथेड्रलचं टोकदार तोंड दिसेल. प्लासा कातालुन्या या मध्यवर्ती चौकावरून चालत आलात तर पोर्ताल दे लांजेल या पायी रस्त्याची रोषणाईही बघून होते. सग्रादा फमिलियासाठी त्याच नावाचं स्टेशन, लाइन २ किंवा ५. ग्रान व्हिआच्या बाजारासाठी लाइन १, उर्जेल.

‘टी-काजुअल’ हे दहा फेऱ्यांचं कार्ड एकाच माणसासाठी असतं. नवरा-बायकोने एका कार्डावर जायचं नाही, तपासनीस दंड करतात. कुटुंब असेल तर ‘टी-फमिलिआर’ बघा, ते अनेकांना मिळून वापरता येतं. आणि टी-काजुअल विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही. टर्मिनल २ वरून सुटणाऱ्या रेल्वेला मात्र चालतं.

सांता ल्यूसिआत शिरल्यावर

आधी काहीही विकत न घेता एक पूर्ण फेरी मारा. अर्धा तास पुरतो. बाजाराचे ढोबळमानाने तीन भाग: मूर्ती आणि देखाव्याचं सामान, हिरवाई, आणि हस्तकला. हिरवाईच्या भागात नाताळची झाडं, शेवाळ, बुचाच्या झाडाची साल आणि ‘व्हेस्क’ नावाच्या बांडगुळाच्या जुड्या. दारावर व्हेस्क टांगला की वर्ष चांगलं जातं, असं इथे मानतात. डोंगर करायला बुचाची साल, जमिनीला शेवाळ. आपण किल्ल्यावर आळीव पेरतो, ते इथे शेवाळाने होतं.

भाव करायचा नसतो. पाटीवर किंमत असते, तीच द्यायची. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी दहा-वीस युरोंच्या नोटा जवळ ठेवा, दोन-तीन युरोंच्या वस्तूला पन्नासची नोट काढली की दुकानदार कुरकुरतो. तीन शब्द पाठ करा, माणसं खुलतात: ‘क्वान् वाल?’ म्हणजे कितीला, ‘पेर रेगाल’ म्हणजे भेट द्यायची आहे, म्हणजे तो नीट कागदात बांधून देईल, आणि निघताना ‘बोन नादाल’. हे कातालान आहे. स्पॅनिश सगळ्यांना येतं, पण या बाजाराची भाषा कातालान आहे आणि तिच्यात एक शब्द बोललात तरी फरक पडतो.

मूर्ती निवडताना

खरं घेण्यासारखं इथे हेच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

मूर्तीचं माप सेंटिमीटरमध्ये सांगतात आणि ते म्हणजे उभ्या प्रौढ माणसाची उंची असते. ‘१० सेंटिमीटर’ म्हटलं की येशूचा पिता, उभा योसेफ दहाचा. त्याच मापातली गुडघे टेकलेली येशूची आई मारिया त्याहून बुटकी असेल, बाळ तर बोटाच्या पेराएवढं. नवखे लोक मारियाची उंची मोजून मेंढपाळ घेतात आणि घरी मेंढपाळ लहान पोरासारखा दिसतो. दुकानदाराला माप विचारा, पट्टी लावू नका.

वसई किंवा गोव्यातल्या घरच्या गोठ्यात भर घालायची असेल तर निघण्याआधी आपल्या घरातल्या उभ्या योसेफाची उंची मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. एक सेंटिमीटरचा फरक खपतो, तीनचा डोळ्यात खुपतो. मुद्दाम लहान मापाच्या दोन-तीन मूर्ती घेतल्या तर त्या मागे, डोंगराच्या चढावर ठेवायच्या, म्हणजे देखाव्याला खोली येते. इथले जुने जाणते असंच करतात.

आता माती की रेझिन, म्हणजे साच्यात ओतलेलं प्लास्टिकसारखं द्रव्य. मातीची, म्हणजे ‘फांग’ची, भाजून हाताने रंगवलेली मूर्ती महाग असते आणि तीच घ्यावी. ओळखायची अशी: उलटी करून तळ बघा. मातीचा तळ खरबरीत, वीटकरी, बहुधा न रंगवलेला, कधी कुंभाराचा शिक्का असतो. रेझिनचा तळ गुळगुळीत, पांढरट किंवा एकसारखा रंगवलेला. मग चेहरा बघा. हाताने रंगवलेल्या दोन मेंढपाळांच्या भुवया कधीच तंतोतंत सारख्या नसतात. एका ताटातल्या वीस मूर्तींचे डोळे एकाच जागी असतील तर तो साच्याचा माल. कानामागून खांद्याकडे उतरणारी बारीक रेघ दिसली की ती साच्याची शिवण. मातीच्या मूर्तीलाही साचा वापरतात, पण चांगला कारागीर ती रेघ ओल्या मातीतच पुसून टाकतो. मेंढीचे पाय, मेंढपाळाची काठी आणि उंटाची मान तपासा, भेगा तिथेच असतात. काठी अनेकदा वेगळी तार किंवा काडी असते, ती हलते का बघा.

बजेट कमी असेल तर पूर्ण संच रेझिनचा घेण्यापेक्षा मातीची एकच मूर्ती घ्या. कपडे धुणारी बाई किंवा कोळी असं रोजचं काम करणारं माणूस उत्तम, कारण ते धर्माच्या पलीकडे कुठल्याही घराच्या फडताळात शोभतं.

तीन राजे घेतलेत तर त्यांचा रिवाजही लक्षात ठेवा. ते पहिल्या दिवशी गोठ्यापाशी ठेवत नाहीत. देखाव्याच्या लांबच्या टोकाला ठेवून रोज थोडं थोडं पुढे सरकवतात, ६ जानेवारीला ते पोचतात. बाळही २४च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत नसतं.

कागानेर

लाल टोपी, पांढरा सदरा, काळी विजार, खाली बसून शौच करणारा शेतकरी. प्रत्येक कातालान देखाव्यात तो असतोच, पण समोर नाही, कुठल्यातरी झुडपाआड किंवा पुलाखाली. मुलांनी त्याला शोधायचं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे देवाची थट्टा वाटू शकतं. तशी ती नाही. शेतकऱ्याने जमिनीला खत द्यायचं, जमिनीने पुढच्या वर्षी पीक द्यायचं, हा त्यामागचा अर्थ. मराठीत त्या खताला आपण ‘सोनखत’ म्हणतो, तेवढं आठवलं की सगळं उलगडतं. देखाव्यात कागानेर नसला तर वर्ष वाईट जातं, अशी समजूत आहे. २००५मध्ये महापालिकेने आपल्या सार्वजनिक देखाव्यातून तो वगळला तेव्हा लोकांनी ओरड केली आणि पुढच्या वर्षी तो परत आला.

फुटबॉलपटू, राजकारणी, सिनेमातली पात्रं यांचे कागानेर रांगेने मांडलेले असतात, वीस युरोंच्या आसपास. घ्यायचा तर साधा शेतकरीच घ्या. तो स्वस्तही असतो आणि देखाव्यात बसतोही, बाकीचे फक्त टेबलावर बसतात.

तिओ

लाकडाचा ओंडका, एका टोकाला रंगवलेला हसरा चेहरा, पुढे दोन पाय, डोक्यावर लाल टोपी, अंगावर छोटी घोंगडी. हा ‘तिओ दे नादाल’. ८ डिसेंबरपासून मुलं त्याला रोज रात्री संत्र्याच्या साली, पाव, सुकामेवा खाऊ घालतात आणि थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घालतात. नाताळच्या आदल्या रात्री मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवतात, मोठी माणसं घोंगडीखाली खाऊ लपवतात. मग मुलं काठ्यांनी ओंडक्याला बडवत गाणं म्हणतात आणि घोंगडी उचलली की खाऊ निघतो. तो तिओने ‘हगला’, असं सरळ शब्दांत म्हणतात. शेवटी लसूण किंवा कांदा निघाला की आता संपलं. बाजारात मुलांनी बडवावा म्हणून एक भला मोठा तिओ ठेवलेला असतो, बरोबर लहान मूल असेल तर तिकडे आधी जा.

मात्र खरा तिओ भारतात आणायच्या फंदात पडू नका. साल असलेलं कच्चं लाकूड, शेवाळ, व्हेस्कची फांदी या सगळ्याला वनस्पती संगरोधाचे नियम आडवे येतात आणि विमानतळावर वस्तू काढून घेतली जाऊ शकते. कापडाचा किंवा मातीचा छोटा तिओ मिळतो, तो आणा. युरोपातच राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र खुशाल खरा घ्यावा. घेताना पाय हलवून बघा, नुसते खोचलेले असतील तर पहिल्याच काठीला निघतात. सालीत पिठासारखी भुकटी सांडणारी बारीक भोकं दिसली तर आत भुंगा आहे, तो ओंडका ठेवून द्या.

खायला काय

सांता ल्यूसिआत भूक भागत नाही, हे आधीच सांगितलं. बाहेर पडून पाच-सात मिनिटांवर पेत्रिचोल ही अरुंद गल्ली आहे, तिथल्या जुन्या दूधघरांत गरम चॉकलेट मिळतं. ते पेय नाही, चमच्याने खाण्याइतकं दाट असतं. ‘सुईस’ मागवलंत तर वर फेटलेली साय येते. बरोबर चुरो, म्हणजे पिठाच्या तळलेल्या लांब कांड्या, घ्या. पाच ते सात रांग असते, साडेचारला जा. रस्त्याच्या कोपऱ्यांवर भाजलेले चेस्टनट आणि भाजलेली रताळी कागदात बांधून मिळतात. रताळं आपल्या ओळखीचं, उपाशी माणसाला चांगला आधार.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. ‘पोलव्होरोन’ आणि ‘मांतेकादो’ ही भुसभुशीत, नानकटाईसारखी दिसणारी मिठाई बहुधा डुकराच्या चरबीत केलेली असते. पाकिटावर ‘मांतेका दे सेर्दो’ हे शब्द शोधा, दिसले तर ठेवून द्या. ‘असेइते दे ओलिवा’, म्हणजे ऑलिव्ह तेलात केलेले प्रकारही मिळतात. ‘एन्साइमादा’ या गोल वेटोळ्याच्या पावातही तीच चरबी. ‘तुर्रो’ ही बदामाची वडी: कडक ती आलाकांतची, मऊ ती शिशोनाची. दोन्हीत बदाम, मध, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक. अंडं चालत नसेल तर तुर्रो आणि ‘नेउलेस’ या गुंडाळलेल्या कुरकुरीत पापड्या सोडा. भाजलेले चेस्टनट आणि रताळी निर्धास्त खा. चुरोचं पीठ मैदा, पाणी, मीठ एवढंच असतं, तेलाचं मात्र विचारून घ्या.

बाकीचे बाजार

सग्रादा फमिलियाजवळचा बाजार लहान आणि घरगुती. तीच झाडं, तेच तिओ, गर्दी थोडी कमी. त्या चर्चचं, म्हणजे बसिलिकाचं, तिकीट असेल त्याच दिवशी हा बघा, मुद्दाम वेगळी फेरी नको. बसिलिकाची तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात.

ग्रान व्हिआचा बाजार वेगळाच आहे. स्पेनमध्ये मुलांना मोठी भेट देतात ते तीन राजे, ६ जानेवारीला. म्हणून तिथे खेळणी, खाऊ आणि शेवटच्या क्षणाची खरेदी करणारे आईबाप. ‘कार्बो दोल्स’ नावाचा कोळशासारखा काळा साखरेचा खडा घ्या, तो वर्षभर खोड्या केलेल्या मुलांसाठी. ५ जानेवारीला संध्याकाळी राजे बोटीने बंदरावर उतरतात, मिरवणूक निघते, गोळ्या उधळतात. मुलांना पुढे उभं करा, पण रथाच्या चाकांपासून लांब.

कॅथेड्रलच्या आतल्या प्रांगणात पांढरे हंस आहेत, तेरा. संत एउलालिया तेराव्या वर्षी मारली गेली, म्हणून तेरा. बाजाराच्या दिवसांत तिथेही देखावा मांडतात.

पाकीट आणि पासपोर्ट

बार्सिलोनात मारहाण क्वचित, खिसेकापू भरपूर. बाजारातली अरुंद वाट, मेट्रोचा दरवाजा आणि सरकता जिना या तीन जागा. मूर्ती हातात धरून तळ बघत असताना खांद्यावरची पिशवी मागे गेलेली असते, नेमकं तेव्हाच होतं. पिशवी पोटावर, फोन मागच्या खिशात नाही, पासपोर्ट हॉटेलात आणि त्याची प्रत जवळ. कोणी सहीसाठी कागद पुढे केला किंवा ‘तुमच्या कोटावर काहीतरी सांडलंय’ म्हणाला तर न थांबता चालत राहा. चोरी झालीच तर पोलिसांकडे लेखी तक्रार, ‘देनुन्सिया’, नोंदवून प्रत घ्या. विम्याला आणि नव्या पासपोर्टला तीच लागते. भारताचा वाणिज्य दूतावास बार्सिलोनातच आहे. आणीबाणीचा क्रमांक ११२.

२४ तारखेला शहरात असाल तर मेट्रो रात्री अकराला बंद होते आणि बरीच उपाहारगृहं त्याआधीच. २५ आणि २६ दोन्ही सुट्ट्या, २६ हा संत एस्तेव्हेचा दिवस. २३लाच दूध, फळं, पाव आणून ठेवा. अगदी अडलंच तर रावाल भागातली भारतीय-पाकिस्तानी किराणा दुकानं बहुधा उघडी असतात, डाळ-तांदूळही मिळतो.

घरी आणताना

मातीच्या मूर्ती हातातल्या सामानातच. प्रत्येक वेगळी गुंडाळा, आधी टिश्यू, मग त्यावर पायमोजा. दोन मूर्ती एका मोज्यात घातल्या की एकमेकींचे हात मोडतात. काठी, कंदील, पंख असे सुटे भाग काढता आले तर काढून काडेपेटीत कापूस घालून ठेवा. मूर्ती आडवी ठेवायची, चेहरा वर. मऊ तुर्रोचं तेल सुटतं, ते कपड्यांना लागू नये म्हणून दुहेरी पिशवीत घालून चेक-इनच्या बॅगेत. आणि बाळ वेगळ्या डबीत ठेवा. ते इतकं लहान असतं की गुंडाळलेल्या कागदाबरोबर कचऱ्यात जातं.